चिरेवाल्या टाटा १६१३ ची चासी, १/२४ स्केल: कामाच्या नोंदी

९ जून २०२४, कुडाळ

ठरलं एकदाचं. चिरे (बांधकामाचे जांभ्या दगडाचे ठोकळे) वाहणारी टाटा १६१३ एसई ट्रक करायची, नाकवाली म्हणजे बोनेट पुढे आलेली, लाकडी केबिनची आणि लाकडी हौद्याची, १/२४ मध्ये. या नोंदी फक्त तिच्या चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या आहेत, केबिनच्या नोंदी वेगळ्या लिहीन. माझं मत पक्कं आहे की ट्रकचं मॉडेल चासीत जमतं नाहीतर चासीतच फसतं, वरचं सगळं नंतरचं. आणि आपल्याकडे तर खरी गाडीसुद्धा अशीच यायची ना, कंपनीतून नुसती काऊल चासी बाहेर पडायची, म्हणजे इंजिन, पुढचा पत्रा, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला बसायला एक सीट, डोक्यावर काही नाही, ती तशीच ऊन-वारा खात रस्त्याने चालवत न्यायची आणि मग बॉडीवाला तिच्यावर केबिन आणि हौदा चढवणार. म्हणजे मालकाने पैसे मोजले ते चासीचे, बाकीचं त्याच्या आवडीने बनलं.

या गाडीचं प्लास्टिक किट दुकानात मिळत नाही, म्हणून डोनर, म्हणजे ज्याचे भाग वापरायचे ते किट, घेतलाय इटालेरीचा मर्सिडीज एसके, ४×२ ट्रॅक्टर (शेतातला नव्हे, मागे ट्रेलर ओढणारा ट्रक). मर्सिडीजच का, तर टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डेम्लर-बेंझचा करार १९५४ चा, तो १९६९ पर्यंत चालला, आणि करार संपला तरी त्या घडणीचा ठसा टाटाच्या ट्रकवर पुढे कितीतरी वर्षं राहिला. एसके ही खूप नंतरची आणि मोठी गाडी आहे हे मान्य, पण दोन चॅनल (गाडीच्या लांबीच्या लोखंडी तुळया), मध्ये क्रॉस मेंबर (त्यांना जोडणारे आडवे भाग), पुढे-मागे पाटे (स्प्रिंग) हा मूळ ढाचा तोच, त्यामुळे अर्धं काम आयतं मिळतं.

आज मोजमाप झालं. पाऊस लागला की चिरेखाणीत पाणी भरतं, खाणी बंद, आणि गाड्या मालकाच्या अंगणात ताडपत्री घालून उभ्या, त्यामुळे हाच सीझन मोजायला बरा. ओळखीच्या मालकाची १६१३ होती, त्यांनी "घाल खाली, काय व्हया ता मोज" असं सांगून टाकलं आणि मी टेप, वही, टॉर्च घेऊन दुपारभर गाडीखाली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ४ मीटर २२ सेंटिमीटर (१६१३ च्या पुढे तिरकी रेघ मारून ४२ लिहितात तो हाच आकडा, १६ म्हणजे टन आणि १३ म्हणजे १३० हॉर्सपॉवर). चासीची बाहेरून रुंदी ८६ सेंटिमीटरच्या आसपास, चॅनलची उंची साडेबावीस. चॅनलचा पत्रा किती जाड ते मात्र कडेला व्हर्निअर लावूनच कळतं, ७ मिमी निघाला. मागचं ओव्हरहँग (मागच्या चाकाच्या मागे जाणारी चासी), प्रत्येक क्रॉस मेंबर कुठे येतो, हँगर (पाटा अडकवायचं ब्रॅकेट) कुठे, शॅकल (पाट्याचं टोक धरणारी झुलती कडी) कुठल्या टोकाला, सगळं वहीत आलंय. फोटोही भरपूर. पण फोटोवर मॉडेल करू नये असं मला वाटतं, फोटोत लेन्समुळे अंतर खोटं दिसतं, टेप खोटं बोलत नाही.

१३ जून

हिशोब. ४२२० भागिले २४, म्हणजे १७६ मिमी धरूया. किटचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, मी मोजला तो १५० भरला. म्हणजे मधे २६ मिमी वाढवायचे. शिवाय ट्रॅक्टरला मागे शेपूट नसतंच, पाचवं चाक (ट्रेलर अडकवायची जोडणी, खरं चाक नव्हे) आणि लगेच गाडी संपली, आणि आपल्याला तर मागे हौदा हवा, तेव्हा मागूनही वाढवणं आलं. मागचं ओव्हरहँग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही असा मोटार वाहन नियमांत नियम आहे, म्हणजे १७६ ला जास्तीत जास्त १०५ मिमी, पण चिरेवाल्या गाड्या शेपूट आखूडच ठेवतात, वजन मागच्या चाकाच्या पुढेच राहिलेलं बरं नाहीतर घाटात पुढचं हलकं होतं. मोजलेल्या गाडीप्रमाणे मी ७० घेतोय.

दोन रस्ते होते. एक, किटचे चॅनल फेकून प्लास्टिकच्या शीटमधून नवीन चॅनल करायचे. दोन, आहेत ते कापून मधे तुकडा घालायचा. पहिल्यात सगळं माप आपल्या हातात राहतं पण पाट्यांचे हँगर, क्रॉस मेंबरची बसण्याची जागा हे सगळं पुन्हा करावं लागतं आणि ते दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखं करणं हे मोठंच काम. दुसऱ्यात जोड दिसण्याची आणि वाकण्याची भीती, पण खऱ्या गॅरेजमध्येही चासी लांबवतात ती अशीच. मी दुसरा घेतला.

१६ जून

कापायच्या आधी हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये जाऊन आलो. तिथले मेस्त्रीकाका चासीचंच काम करतात, आयुष्य त्यात गेलंय. मी किटचा चॅनल खिशातून काढून दाखवला तर त्यांनी तो चष्म्याजवळ धरून नीट बघितला आणि मग खऱ्या गाडीला सांगावं तसंच सांगितलं.

"दोनय चॅनल एका रेषेत कापू नको हां, नायतर लोड पडलो की चासी थयच मोडतली. एक हयसर काप, दुसरो वायच मागे. आतून पट्टी घाल, आणि पट्टीची टोका सरळ कापू नको, तिरकी काप."

म्हटलं काका, तिरकी का, तर म्हणाले सरळ टोक असलं की पट्टी जिथे संपते तिथेच नेमका चॅनल तडकतो, तिरकं असलं की ताण एका रेषेत न येता पसरतो. आणि भोकं मारायची ती चॅनलच्या उभ्या बाजूला, वरच्या-खालच्या कानाला (आडव्या वळलेल्या कडेला) कधीच नाही, कारण सगळा ताण तिथेच असतो. खऱ्या गाडीत हे करायचं तर आरटीओची परवानगी लागते, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, मनाने कापाकापी चालत नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. मॉडेलला परवानगी नको पण बाकीचं सगळं मी जसंच्या तसं पाळणार आहे. पॉलिस्टायरीनलाही (किटच्या प्लास्टिकलाही) तेच नियम लागू पडतात, ताण तिथेही तसाच चालतो.

निघताना म्हणाले, "गाडी चासीवर उभी रवता, केबिन काय, आज एक उद्या दुसरी."

२३ जून

कापलं. डावा चॅनल केबिनमागच्या क्रॉस मेंबरच्या १० मिमी मागे, उजवा त्याच्याही १४ मिमी मागे. रेझर सॉने कापलं, माइटर बॉक्समध्ये घट्ट धरून. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची की करवत स्वतः थोडं प्लास्टिक खाते, माझी ०.३ मिमी खाते, म्हणजे तुकडा २६ चा न कापता २६.३ चा. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण डावीकडे ०.३ आणि उजवीकडे नाही असं झालं की मागचा अॅक्सल तिरका बसतो आणि चार चाकं टेबलावर टेकत नाहीत, मग कितीही रंग चढवा ती गाडी मोडकी दिसते.

तुकडे १ मिमी शीटचे तीन पट्टे जोडून केलेत, उभी एक आणि कान दोन. किटचे चॅनल दीड मिमी जाड आहेत. खरा पत्रा ७ मिमी, म्हणजे स्केलमध्ये ०.२९, तेवढं बारीक केलं तर चॅनल उभाच राहणार नाही. म्हणून जाडी आहे ती ठेवली आणि फक्त कानाची जी कड बाहेरून दिसते तेवढीच आतून तासून पातळ केली. डोळा कड बघतो, पोटातली जाडी कोणी बघत नाही. हे तासायला वेळ गेला, चॅनलची पूर्ण लांबी, वर-खाली, दोन्ही बाजू, पण चासीचं रूप यानेच बदलतं. किटची चासी जाडजूड खेळण्यासारखी दिसते ती याच कडेमुळे.

३० जून

जोडणी. खिडकीची जुनी जाड काच टेबलावर, तिच्यावर दोन अॅल्युमिनियम अँगल ८६०/२४ म्हणजे ३५.८ मिमी अंतराने क्लॅम्प केले, त्यांच्या आत चासी. लादीवर हे करू नये, लादी डोळ्याला सपाट दिसते पण नसते. आधी तुकडे तामियाच्या एक्स्ट्रा थिनने टोकाला टोक लावून, मग आतून डबल पट्टी, जोडाच्या दोन्ही बाजूंना २० मिमी जाणारी, टोकं तिरकी, काकांनी सांगितल्याप्रमाणे.

गम कुठला यावर लिहायलाच हवं. एक्स्ट्रा थिन प्लास्टिक वितळवून एकजीव करतो, वाळल्यावर तो जोड राहत नाही, एकच तुकडा होतो. फेविक्विक वगैरे सायनोअॅक्रिलेट नुसतं पकडतं, आणि आपल्या हवेत त्याचा आणखी एक त्रास, ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, जून-जुलैत तर लावेपर्यंत घट्ट, शिवाय आजूबाजूला पांढरी धूसर बुरी धरते. चासीच्या जोडाला ते वापरूच नये. पितळ आणि प्लास्टिक जिथे जोडायचंय तिथेच. एक्स्ट्रा थिनला वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवायची, पाऊस आत आला तरी चालेल.

दोन दिवस काचेवरच ठेवली, हात लावला नाही.

२ जुलै

काचेवरून उचलली. कर्ण मोजले, डाव्या पुढच्या हँगरपासून उजव्या मागच्या हँगरपर्यंत आणि उलट, डिव्हायडरने, दोन्ही सारखे. खऱ्या चासीला गॅरेजमध्ये दोरी आणि ओळंबा लावून हेच बघतात. कर्ण सारखे म्हणजे चासी चौकात आहे. पण चौकात असली तरी पिळलेली असू शकते, म्हणून पुन्हा काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवून बघितला, सगळीकडे सारखाच अडतो. छान.

७ जुलै

पाचवं चाक, त्याची प्लेट, मागचे प्लास्टिकचे मडगार्ड सगळं गेलं, त्यांची भोकं बुजवली. बुजवायला पुट्टी न वापरता किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिचेच तुकडे ताणून त्याच्या काड्या घातल्या आणि वितळवल्या, तेच प्लास्टिक असल्यामुळे घासताना एकसारखं घासलं जातं, पुट्टी मऊ असते, ती खड्डा पाडते.

इंजिन. किटमध्ये व्ही-८ आहे, रुंद, दोन्ही बाजूंनी चॅनलवर आलेलं. १६१३ ला सहा सिलेंडर एका ओळीत, उभं आणि अरुंद. नाकवाल्या गाडीत बोनेट उघडं ठेवलं तर ते दिसणार, आणि मी ठेवणार आहे, त्यामुळे फसवाफसवी नाही, व्ही-८ ची संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) आणि गिअरबॉक्स ठेवला आणि वरचं इंजिन शीटमधून नवीन करायला घेतलं. ते केबिनच्या नोंदीत येईल. चासीच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की इंजिन अरुंद झाल्यावर चॅनल आणि इंजिन यांच्या मधे जी मोकळी जागा दिसते ती दिसू द्यायची, तिथून खाली जमीन दिसते, टाटाचं बोनेट उघडलं की हे लगेच जाणवतं.

आता एक अशी गोष्ट जी मी कितीतरी सुंदर मॉडेलमध्ये राहून गेलेली बघितलीय. युरोपियन किट म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. लोक डॅशबोर्ड बदलतात, स्टिअरिंग व्हील उजवीकडे आणतात आणि खाली चासीवरचा स्टिअरिंग बॉक्स डावीकडेच राहतो! बॉक्स उजव्या चॅनलवर हवा, त्याचा खालचा हात, तिथून पुढच्या उजव्या चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक, सगळं आरशातल्यासारखं उलटं करायचं. डावीकडचा बॉक्स कापून काढला, उजव्या चॅनलला बाहेरून नवीन ब्रॅकेट केलं, ड्रॅग लिंक पितळी तारेचा. पुढच्या अॅक्सलवरचा हातही बाजू बदलून. टायरॉड जिथे होता तिथेच राहतो, त्याला डावं-उजवं नसतं.

२१ जुलै

पाटे. यात दोन आठवडे गेले आणि मला त्याचं काहीच वाईट वाटत नाही, चासीचा सगळ्यात सुंदर भाग पाटेच असतात.

आधी ठरवायचं की गाडी भरलेली की रिकामी. हे चासीच्या वेळीच ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही. रिकाम्या गाडीचे मागचे पाटे कमानीत असतात आणि वरचा हेल्पर पाटा आपल्या ब्रॅकेटपासून सुटा असतो, मधे फट दिसते. चिरे भरले की खालचे पाटे सरळ होत जातात आणि हेल्पर टेकतो, मग तोही वजन घेतो. माझी गाडी भरलेली, खाणीतून निघालेली, म्हणजे मागचे पाटे जवळजवळ सपाट, हेल्पर टेकलेला, आणि गाडीचं मागचं बूड बसलेलं. किटचे पाटे एकसंध ओतलेले आहेत, कडेला नुसत्या रेषा, त्यामुळे मागचे दोन्ही नवीन केले. ०.५ मिमीच्या पट्ट्या (खऱ्या मापात १२ मिमी, बरोबर बसतं), खाली जाताना प्रत्येक पट्टी आखूड, एकावर एक, मधे यू-बोल्ट ताणलेल्या काडीचे. वरच्या पट्टीची टोकं बारीक सळईवर गुंडाळून पिनची डोळी केली. चिकटवताना हलकी कमान देऊन बांधून ठेवली म्हणजे सरळ पट्ट्यांसारखी निर्जीव दिसत नाहीत. पुढचे किटचेच ठेवले, फक्त रेषा खोल केल्या.

शॅकल मागच्या टोकाला, पुढचं टोक हँगरमध्ये पक्कं. पाटा सपाट झाला की तो लांब होतो, मग ती लांबी शॅकल मागे झुकून घेतो. म्हणजे भरलेल्या गाडीचा शॅकल सरळ उभा न दाखवता मागे कललेला दाखवायचा. माझ्या फोटोंत हे स्पष्ट दिसतंय, अंगणातली गाडी रिकामी होती तिचा शॅकल वेगळा आणि कुडाळ स्टेशनवरून काढलेल्या फोटोंतल्या भरलेल्या ट्रकचा वेगळा. स्टेशनचं सांगायचंच राहिलं. कोकण रेल्वेची रो-रो (भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेणारी गाडी), २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा सुरू झाली ती, क्रॉसिंगला थांबली की प्लॅटफॉर्मवर उभं राहून ट्रकची चासी डोळ्यासमोर येते, कारण ट्रक आधीच वॅगनवर चढलेला असतो. रस्त्यावर ज्यासाठी चिखलात आडवं व्हावं लागतं ते इथे उभ्याने दिसतं, पाटे, शॅकल, एअर टाक्या, पाइप, सगळं, आणि एका मागोमाग एक वेगवेगळ्या गाड्या. चासी बघायची असेल त्याने रो-रो बघावी, याच्यापेक्षा चांगली जागा नाही.

वजनाचाही विचार इथेच केला. घरच्या पडवीतला चिरा मोजला, १४ × ९ × ७ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये १४.८ × ९.५ × ७.४ मिमी, साधारण एक घन सेंटिमीटर. गाडीत तीनशेच्या घरात मावतात. सगळे प्लास्टरचे भरीव केले तर तीनशे ग्रॅमच्या वर वजन होईल आणि पॉलिस्टायरीन अशा सततच्या वजनाखाली महिनोन् महिने हळूहळू वाकत जातं, आज नाही दिसणार पण पुढच्या पावसापर्यंत चासी मधे बसलेली असेल. तेव्हा आत थर्माकोल आणि फक्त बाहेरून दिसणारे चिरे प्लास्टरचे. भाचा म्हणतो हे खोटं आहे, मी म्हणतो चासी सरळ राहणं जास्त खरं आहे.

४ ऑगस्ट

शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत फिरणारा दांडा. व्हीलबेस वाढला की किटचा शाफ्ट आखूड पडतो आणि पहिला मोह होतो तो तसाच एक लांब शाफ्ट करून लावण्याचा. मेस्त्रीकाकांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "शाफ्ट एकच लांब केलंस तर गाडी वेगात गेल्यार थरथरतली." लांब आणि बारीक शाफ्ट ठरावीक फेऱ्यांच्या वर गेला की मधून धनुष्यासारखा उडायला लागतो, म्हणून त्याचे दोन भाग करतात आणि मधे सेंटर बेअरिंग लावतात. तेव्हा नवीन जोडलेल्या भागात एक जास्तीचा क्रॉस मेंबर घातला, त्याला खालून बेअरिंगचं ब्रॅकेट लटकवलं, पुढचा शाफ्ट गिअरबॉक्स ते बेअरिंग, मागचा बेअरिंग ते क्राउन (मागच्या अॅक्सलमधला गिअर), त्यात एक सरकणारा जोड, कारण पाटे वर-खाली होताना अंतर बदलतं. दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत ठेवायची, एक उभं आणि एक आडवं नको, तसं असलं तर शाफ्ट झटके देत फिरतो. पितळी नळी २.५ मिमी, क्रॉस किटचेच कापून घेतलेले.

रिव्हेट. क्रॉस मेंबर जिथे चॅनलला लागतात तिथे रिव्हेटची डोकी. भाच्याने खसखस लावायची आयडिया दिली, माप खरंच जमतंय, पण आपल्या हवेत धान्याला बुरशी येणार, रंगाखालीसुद्धा. म्हणून ताणलेल्या काडीचे पातळ काप, सुईच्या टोकाने उचलून एक्स्ट्रा थिनच्या थेंबावर. नवीन जोडाच्या पट्टीला मात्र रिव्हेट न दाखवता बोल्ट दाखवलेत, षटकोनी काडीचे काप, कारण कंपनीचं काम रिव्हेटचं आणि गॅरेजचं काम बोल्टचं, बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही चासी लांबवलेली आहे. हा माझा निर्णय, खऱ्या ४२ व्हीलबेसच्या गाडीला अर्थातच असा जोड नसतो, पण माझ्या मॉडेलचा इतिहास तो आहे आणि तो लपवावासा वाटला नाही. शिवाय काकांची तिरकी पट्टी दिसायलाही देखणी आहे.

११ ऑगस्ट

चाकं. किटचे टायर ३१५/८०, २२.५ इंची रिमचे ट्यूबलेस. आपल्याला हवेत हजार-वीस (१०.००-२०, म्हणजे २० इंची रिमचे), नायलॉन, ट्यूब-फ्लॅपवाले. गंमत म्हणजे बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, खऱ्या मापात १०७६ आणि १०५५, स्केलमध्ये एक मिमीचाही फरक नाही. पण रिम २२.५ इंच म्हणजे २३.८ मिमी आणि २० इंच म्हणजे २१.२, हा अडीच मिमीचा फरक लांबूनही दिसतो. जुन्या ट्रकचा टायर गुबगुबीत वाटतो तो रिम लहान आणि गाल जाड म्हणून. टायरच्या आतल्या कडेला पातळ शीटची रिंग बसवून गाल वाढवला, तिच्यावर काळा सिलिकॉन हलका फिरवला, आणि रिमच्या बाहेरून लॉक रिंग (टायर रिमवर अडकवून ठेवणारी कडी) तारेची, एका जागी फट ठेवून. ती फट हवीच, पंक्चरवाला तिथेच पट्टी घालून रिंग उचकटतो.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

चासी उभी आहे चाकांवर. काच, कागद, चारही टायर सारखे धरतात. व्हीलबेस १७६.

रंग आज नाही. पाऊस उघडलाय पण हवा अजून जड आहे. लॅकर प्रायमर अशा हवेत मारला की दुधाळ पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावरच बसतं. कंप्रेसरला पाण्याचा ट्रॅप लावलाय, तो नळीतलं पाणी अडवतो, खोलीतलं नाही. रिटार्डर घातलेला थिनर वापरता येतो, रंग हळू वाळतो आणि पाण्याला निघून जायला वेळ मिळतो, पण मग धूळ बसते. मी थांबणार. तोवर ब्रेकचे पाइप, ताणलेल्या काडीचे, डाव्या चॅनलच्या आतून मागे.

१ सप्टेंबर

ऊन. सकाळी अकराच्या पुढे प्रायमर मारला, सगळे पार्ट आधी सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवलेले. एकदम स्वच्छ बसला, कुठेही दुधाळ नाही. दुपारी काळा, पण शुद्ध काळा नाही, थोडा तपकिरी मिसळून, या स्केलला शुद्ध काळा फार जड दिसतो, रिव्हेट-बोल्ट गिळून टाकतो. जोडाच्या पट्टीला रेड ऑक्साईड. हौदा बसतो त्या लाकडी पट्ट्यांसाठी सावंतवाडीला चितारआळीत खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून पातळ कापलेली फळकुटं आणलीत, ती गणपती झाल्यावर.

२९ सप्टेंबर

धूळ. यात माझं म्हणणं थोडं जोरात मांडतो, कारण ट्रक मॉडेल म्हटलं की लोक सरसकट गंज रंगवतात. गंज कुठल्या गाडीला येतो? मासळीच्या गाडीला. बर्फ वितळून खारं पाणी सतत चासीवर गळतं, मालवण-देवगडकडच्या मासळीच्या गाड्यांचे क्रॉस मेंबर खपल्या धरून सुटत असतात. चिऱ्याच्या गाडीचं तसं नाही. तिच्यावर जांभ्याची लाल भुकटी, कोरडी, प्रत्येक कोपऱ्यात, ग्रीस लागलेल्या जागी तर थरावर थर, आणि जिथे काही घासतं तिथे लोखंड चकाकतं. शॅकलच्या पिना, शाफ्टचा सरकणारा जोड, पाट्यांची टोकं चकचकीत, बाकी सगळं लाल.

खाणीवरची भुकटीच आणली, मलमलच्या कापडातून गाळून, तव्यावर कोरडी भाजून घेतली म्हणजे ओल राहत नाही. मॅट वार्निश पातळ करून त्यात मिसळून चासीच्या आतून, क्रॉस मेंबरच्या वरच्या बाजूला जास्त, उभ्या बाजूला कमी, धूळ आडव्या जागी बसते. पाट्यांच्या मधे कोरडी भुकटी ब्रशने. शाफ्टच्या क्रॉसला आणि शॅकलच्या निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) काळपट ग्रीसचे ठिपके, तिथे पुन्हा भुकटी, ती आपोआप गडद होते. चाकांच्या मागे चॅनलवर शिंतोडे, जुन्या टूथब्रशने. हौद्याखाली झाकला जाणारा भागही तेवढ्याच नीट केलाय, कारण मॉडेल उलटं करून बघणारे असतात आणि त्यांच्यासाठीच तर ही चासी केली.

काऊल आणि केबिन कायमची चिकटवणार नाही. पुढच्या क्रॉस मेंबरवर आणि केबिनमागच्या ब्रॅकेटवर १ मिमीची भोकं मारून ठेवलीत, केबिनला खालून पितळी पिना येतील आणि त्या या भोकांत बसतील, म्हणजे केबिन कधीही उचलून नुसती चासी दाखवता येईल. हौद्यालाही तसंच, खऱ्या यू-बोल्टच्या जागीच पिना. उद्यापासून काऊलचा पत्रा, ०.३ चा.